एकनाथ सोलकर यांना प्रत्यक्ष खेळताना पाहिलेल्यांना एक प्रश्न

माहीमकर

२५ जून आला की १९८३ च्या विश्वचषकाच्या आठवणींना दरवर्षी भरते येते, आणि ते योग्यच आहे. दुसऱ्या दिवशी, २६ जूनला, मात्र फारसे कुणी काही लिहीत नाही. २००५ साली त्याच दिवशी भारताचे कसोटीपटू एकनाथ सोलकर हृदयविकाराच्या झटक्याने आपल्या मुंबईत गेले. तेव्हा त्यांचे वय अवघे ५७ होते. त्यांना जाऊन वीस वर्षे उलटून गेली तरी 'फॉरवर्ड शॉर्टलेग', म्हणजे फलंदाजाच्या पुढ्यात अगदी जवळ उभे राहण्याची क्षेत्ररक्षकाची जागा, हा शब्द उच्चारला की आमच्या घरात अजूनही त्यांचेच नाव निघते. माझे वडील त्यांना 'एक्की' म्हणत, जणू काही ते आमच्या बिल्डिंगमध्येच राहत होते.

प्रश्न विचारण्याचे कारण सांगतो. माझा तेरा वर्षांचा मुलगा शिवाजी पार्कवर क्रिकेट शिकायला जातो. मागच्या महिन्यात त्याच्या सरांनी त्याला सरावाच्या सामन्यात फॉरवर्ड शॉर्टलेगला उभे केले. तो संघात सर्वांत लहान आणि सर्वांत नवा असल्यामुळे ही जागा त्याच्या वाट्याला आली असावी. डोक्यावर जाळीचे हेल्मेट होते, पँटच्या आत नडगीला पॅड होते, तरीही तो घरी आला तो गप्प गप्पच. रात्री जेवताना म्हणाला, "बाबा, सरांना सांगा ना, मला तिथे उभे करू नका म्हणून." मी त्याला धीर द्यावा या हेतूने सोलकर यांची गोष्ट सांगितली: डोक्यावर काही नाही, पायांना काही नाही, बॅटपासून हातभर अंतरावर माणूस उभा आहे आणि २७ कसोटी सामन्यांत त्याने ५३ झेल घेतले आहेत. किमान वीस कसोट्या खेळलेल्या क्षेत्ररक्षकांमध्ये सामन्यामागे इतके झेल दुसऱ्या कुणाच्या नावावर नाहीत, हेही सांगितले. मुलाने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "त्यांना भीती वाटायची नाही का?"

मला उत्तर देता आले नाही. माझा जन्म १९७६ चा. सोलकर यांचा शेवटचा कसोटी सामना जानेवारी १९७७ मध्ये कोलकात्याला झाला, तेव्हा मी पाळण्यात होतो. माझ्याकडे आहेत ते आकडे आणि वडिलांचे ऐकीव किस्से, आणि वडीलही आता नाहीत. आकड्यांवरून धैर्य किती होते हे कळते, ते कसे होते हे कळत नाही. म्हणून ज्यांनी त्यांना ब्रेबॉर्नवर, वानखेडेवर किंवा एखाद्या जिमखान्याच्या मैदानावर डोळ्यांनी पाहिले आहे, त्यांनी कृपया लिहावे. ते तिथे नेमके काय करत? त्यांचे निर्भयपण उपजत होते, की ते शिकता येण्यासारखे काही होते? मुलाला खोटे सांगायचे नाही, म्हणून विचारतो आहे.

---

गिरगावकर

माहीमकर, तुमच्या वडिलांनी 'एक्की' म्हटले ते अगदी बरोबर. आमच्या वाडीतही सगळे तसेच म्हणत. सोलकर यांचे वडील मरीन ड्राइव्हच्या हिंदू जिमखान्याचे माळी होते आणि सगळे कुटुंब मैदानाच्या कडेच्या एका खोलीत राहत असे, हे तेव्हा गिरगावात सर्वांना ठाऊक होते. आमच्यासारख्या चाळीतल्या मुलांना त्या गोष्टीचा जो आधार वाटत असे, तो आजच्या मुलांना समजावून सांगणे कठीण आहे. बाकीचे खेळाडू मैदानावर खेळायला येत, आणि हा मुलगा मैदानावरच राहत होता.

मी त्यांना प्रथम ऐकले आणि दीड वर्षाने पाहिले. ऐकले ते ऑगस्ट १९७१ मध्ये. इंग्लंडविरुद्ध लंडनच्या ओव्हलवर कसोटी सामना चालू होता आणि मी तेरा वर्षांचा होतो, म्हणजे तुमच्या मुलाएवढाच. सोमवार, २३ ऑगस्टला हरतालिका होती आणि दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी. बायकांचा उपास होता, पुरुष मंडळी मखराला रंगीत कागद चिकटवत बसली होती आणि कोपऱ्यात शेजाऱ्यांचा रेडिओ शॉर्टवेव्हच्या खरखरीत बीबीसीचे समालोचन ओकत होता. संध्याकाळी सहाच्या सुमाराला आपले लेगस्पिनर चंद्रशेखर यांच्या चेंडूवर इंग्लंडचा कीथ फ्लेचर शून्यावर बाद झाला, झेल सोलकर. मग काही वेळाने ॲलन नॉट आला. पहिल्या डावात त्याने ९० धावा केल्या होत्या, त्यामुळे तो टिकला तर सामना हातचा जाणार हे आम्हा मुलांनाही कळत होते. त्याचा झेल वेंकटराघवन यांच्या चेंडूवर सोलकर यांनी घेतला, आणि समालोचकाचा आवाज इतका चढला की काय झाले ते आम्हाला क्षणभर कळलेच नाही. इंग्लंडचा डाव १०१ धावांत आटोपला, चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले आणि दुसऱ्या दिवशी, गणपती घरात बसलेले असताना, आपण इंग्लंडमध्ये प्रथमच कसोटी जिंकलो. नॉटच्या झेलाचे छायाचित्र पुढे वर्तमानपत्रात पाहिले. माणूस पूर्ण आडवा झालेला, दोन्ही हात पुढे, चेंडू जमिनीपासून काही इंचांवर. ते कात्रण आमच्या खोलीत कपाटाच्या दाराला आतून कितीतरी वर्षे चिकटवलेले होते.

पण तुम्ही विचारले आहे ते पाहिलेल्याविषयी. फेब्रुवारी १९७३ मध्ये इंग्लंडचा संघ ब्रेबॉर्नवर खेळला. वडिलांनी ईस्ट स्टँडचे तिकीट मिळवले होते. त्या मालिकेत चंद्रशेखर यांनी ३५ बळी घेतले आणि आपण मालिका २-१ अशी जिंकली, तेव्हा मी बळी पाहायला मिळतील या आशेने गेलो होतो. प्रत्यक्षात मी गेलो त्या दिवशी फ्लेचर आणि टोनी ग्रेग खेळपट्टीवर ठाण मांडून बसले. दोघांनी शतके केली आणि भागी अडीचशेच्या वर गेली. (याच सामन्यात विश्वनाथ यांच्या शतकानंतर ग्रेगने त्यांना लहान मुलासारखे उचलून जोजवले होते. ते दृश्य सर्वांना आठवते, म्हणून ओघात सांगितले.) साडेसहा फुटांचा ग्रेग, त्याची लांबलचक बॅट, आणि त्या बॅटच्या पुढ्यात वाकलेले सोलकर. मी मैदानापासून इतका दूर बसलो होतो तरी ग्रेगने फटक्यासाठी बॅट वर नेली की माझे डोळे आपोआप मिटत. उघडून पाहावे तर सोलकर जिथल्या तिथे. ते उठत, बॅटकडे पाहत दोन पावले चालत, टोपी सारखी करत आणि पुढच्या चेंडूला पुन्हा तसेच खाली बसत. एक तास, दोन तास, बळी नाही, झेल नाही, टाळी नाही. षटक संपले की दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा तेच.

झेल घेणारा माणूस धाडसी दिसतो, कारण त्या वेळी सगळे त्याच्याकडे पाहत असतात. मला ते धैर्य त्या लांबलेल्या दुपारी दिसले, जेव्हा तिथे उभे राहून काहीच मिळत नव्हते आणि चार पावले मागे सरकले असते तरी कुणी बोल लावला नसता. भीती त्यांना वाटत होती की नाही, हे मी कसे सांगणार? पण ते मागे सरकले नाहीत, एवढे मी शपथेवर सांगू शकतो.

---

पावसाळी खेळाडू

माझी पात्रता फार मोठी नाही, पण या प्रश्नाला थोडे उत्तर माझ्याकडे आहे. १९८० च्या दशकात मी कांगा लीगमध्ये खालच्या गटात नऊ हंगाम खेळलो आणि त्यातले बहुतेक हंगाम फॉरवर्ड शॉर्टलेगलाच काढले. ज्यांना कांगा लीग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, की ही स्पर्धा १९४८ पासून मुंबईत भर पावसाळ्यात, ओल्या खेळपट्ट्यांवर खेळली जाते. चेंडू कधी थबकतो, कधी छातीपर्यंत उसळतो, आणि फलंदाज अर्धा वेळ बॅट-पॅड जोडून नुसता पुढे येत राहतो. सोलकर यांच्यासारखा मुंबईकर क्षेत्ररक्षक याच मातीत तयार झाला.

तुमच्या मुलाला सांगा की भीती वाटते. सगळ्यांना वाटते. पहिल्या हंगामात मीही फलंदाजाने स्वीपसाठी गुडघा टेकला की पाठ फिरवत असे. एकदा चेंडू खांद्याच्या पात्यावर असा बसला की आठवडाभर हात वर होईना. आमचे कप्तान गिरणीत नोकरीला होते, बोलायला अगदी कमी. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "पाठ फिरवलीस तर चेंडू दिसणार नाही, आणि दिसला नाही तर लागणारच." त्या दिवसापासून मी डोळे उघडे ठेवायला शिकलो. हे एका दिवसात झाले नाही. पूर्ण एक पावसाळा गेला.

सोलकर यांना मी त्यांच्या उतरत्या काळात, स्थानिक सामन्यांत, सीमारेषेजवळून पाहिले, आणि मुद्दाम फक्त त्यांच्याकडेच पाहत बसलो. दोन गोष्टी लक्षात राहिल्या. पहिली म्हणजे ते गोलंदाजाकडे पाहत नसत. आपण सगळे चेंडू हातातून सुटल्यापासून त्याच्या मागे डोळे नेतो. त्यांची नजर आधीपासूनच बॅट आणि पुढच्या पॅडच्या मधल्या वीतभर जागेवर रोवलेली असे. फलंदाजाचा पाय कुठे पडतो, मनगट वळते की नाही, बॅटचे तोंड उघडते की मिटते, हे त्यांना फटका बसण्याआधी कळत असावे. बॅट जोरात फिरणार असेल तर मांडी आणि खांदा किंचित आत जाई, पण चेहरा समोरच. बॅट मऊ पडणार असेल तर वजन आधीच पुढे गेलेले असे. नॉटच्या झेलाला लोक सूर मारला म्हणतात. माझ्या मते ते निघाले होतेच, चेंडू नंतर आला.

दुसरी गोष्ट हातांची. शॉर्टलेगचा झेल कडक हातांनी घेता येत नाही. चेंडू बॅटला लागतो, पॅडला लागतो आणि मरगळल्यासारखा खाली पडू लागतो. त्याला खालून उचलून घ्यायचा असतो, कोंबडीच्या खुराड्यातून अंडे काढावे तसा. त्यासाठी बोटे सैल हवीत. घाबरलेल्या माणसाची बोटे सैल राहत नाहीत, हे ज्याने एकदा तरी तिथे उभे राहून पाहिले आहे त्याला कळेल. बाकीचे शरीर धोक्यात आणि बोटे सैल, ही अवघड गोष्ट त्यांना दिवसभर साधत असे.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. शॉर्टलेगचा जीव गोलंदाजाच्या हातात असतो. आपले फिरकी गोलंदाज बेदी, प्रसन्ना, वेंकट यांचे चेंडू सहसा आखूड पडत नसत, त्यामुळे जवळ उभ्या माणसाला थोडा तरी भरवसा असे. चंद्रशेखर यांची गोष्ट निराळी. पोलिओने अशक्त झालेल्या हाताने ते जवळजवळ मध्यमगतीने लेगस्पिन टाकत. पुढचा चेंडू काय करणार हे फलंदाजाला कळत नसे आणि जवळच्या क्षेत्ररक्षकालाही नसे. अशा गोलंदाजाला इतक्या जवळ उभे राहणे म्हणजे काय, हे सांगायला माझ्याजवळ शब्द नाहीत.

मुलासाठी एक सुचवतो. आधी टेनिसच्या चेंडूने सराव करून घ्या. झेल घ्यायचाच असे त्याला सांगू नका. फक्त डोळे उघडे ठेव आणि तोंड फिरवू नकोस, एवढेच सांगा.

---

परळची डॉक्टर

वरचे सगळे मनापासून वाचले. सोलकर यांच्याविषयी मलाही तितकाच आदर आहे. माझ्या आजोबांनी त्यांचा फोटो घरात लावला होता. तरीही एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे असे वाटते, कारण इथे तेरा वर्षांच्या मुलाचा विषय आहे.

भारताकडून खेळलेले रमण लांबा फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात एका क्लब सामन्यात फॉरवर्ड शॉर्टलेगला उभे होते. षटकाचे थोडेच चेंडू उरले होते, म्हणून त्यांनी हेल्मेट घेतले नाही. फलंदाजाचा जोरदार फटका कपाळावर बसला. ते स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेले, आणि तीन दिवसांनी, २३ फेब्रुवारीला, वयाच्या ३८ व्या वर्षी गेले. डोक्याला मार लागलेला माणूस सुरुवातीला बोलतो, चालतो, बरा दिसतो, आणि कवटीच्या आत रक्त साचत राहते. आम्ही डॉक्टर याच गोष्टीला सर्वांत जास्त घाबरतो. आपल्या मुंबईचे नरी काँट्रॅक्टर भारताचे कप्तान असताना १९६२ मध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू डोक्याला लागून मरणाच्या दारातून परत आले. वेस्ट इंडिजचे कप्तान फ्रँक वॉरेल यांनी त्यांच्यासाठी रक्त दिले. काँट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळू शकले नाहीत.

सोलकर हेल्मेट न घालता उभे राहत ही त्यांच्या काळाची परिस्थिती होती. तो मोठेपणाचा भाग मानू नये. माहीमकर, तुम्ही मुलाला सांगितलेल्या गोष्टीत "डोक्यावर काही नाही, पायांना काही नाही" हे वाक्य पहिले आले, म्हणून हे लिहिले. मुलाच्या मनात असे राहायला नको की हेल्मेट घालून उभे राहणारा तो कमी शूर आहे. त्याने स्वतःहून तुमच्यापाशी येऊन "मला भीती वाटते" असे सांगितले, याचेही कौतुक करा. आमच्याकडे मार लागलेली मुले येतात, त्यांतली निम्मी सांगायला घाबरलेली असतात.

---

गिरगावकर

डॉक्टर, आपले म्हणणे पूर्णपणे मान्य. मी लिहिले त्यातून तसा अर्थ निघत असेल तर तो माझा दोष समजावा. हेल्मेट क्रिकेटमध्ये रूढ होऊ लागले ते १९७० च्या दशकाच्या अखेरीस, आणि तोवर सोलकर यांची कसोटी कारकीर्द संपली होती. त्यांच्यापुढे घालू की नको असा प्रश्नच नव्हता. मिळाले असते तर त्यांनी घातलेच असते, असे मला वाटते. माळ्याच्या घरात वाढलेला मुलगा स्वतःच्या हातापायांची किंमत ओळखून असतो.

---

चर्चगेट लोकल

सगळे शॉर्टलेगवरच बोलत आहेत, ते साहजिकच आहे. पण माणूस चिवट होता म्हणजे काय, हे पाहायचे असेल तर त्यांच्या फलंदाजीकडे वळावे लागेल, आणि तिच्याकडे नेहमीच दुर्लक्ष होते. २७ कसोट्यांत १०६८ धावा आणि १८ बळी हे आकडे पाहून कुणी थांबत नाही. त्या धावा कधी केल्या ते पाहावे.

१९७१ चा वेस्ट इंडिज दौरा घ्या. लोकांना गावसकर यांच्या ७७४ धावा आठवतात, जाणकारांना दिलीप सरदेसाई यांच्या ६४२ आठवतात. जमैकाला पहिल्या कसोटीत भारत ५ बाद ७५ असताना सरदेसाई यांच्या जोडीला सोलकर आले. त्यांनी स्वतः ६१ केल्या, भागी १३७ धावांची झाली, सरदेसाई २१२ पर्यंत पोहोचले आणि आपले कप्तान वाडेकर यांनी सोबर्स यांच्या वेस्ट इंडिज संघाला फॉलोऑन दिला, म्हणजे लगेच पुन्हा फलंदाजीला उतरवले. पोर्ट ऑफ स्पेनला, जिथे आपण वेस्ट इंडिजला प्रथमच हरवले, तिथे सरदेसाई ११२ आणि सोलकर ५५. ब्रिजटाउनला तर ६ बाद ७० अशी दैना झाली होती. तिथून सातव्या गड्यासाठी दोघांनी १८६ धावा जोडल्या, सरदेसाई १५० आणि सोलकर ६५. तीन सामने, आणि तिन्ही वेळा डाव उभा करणारी तीच जोडी. त्या वेळी सोलकर जेमतेम तेवीस वर्षांचे होते. त्याच वर्षी लॉर्ड्सवर त्यांनी ६७ केल्या, विश्वनाथ यांच्याबरोबर. पुढे जानेवारी १९७५ मध्ये वानखेडेवर पहिली कसोटी झाली, तेव्हा वेस्ट इंडिजच्या लॉइड यांनी नाबाद २४२ करून आपल्याला पार थकवले असताना सोलकर यांनी १०२ धावांची खेळी केली. त्यांचे ते एकमेव कसोटी शतक, आणि तेही घरापासून मैलभराच्या आत.

माझ्या मते मात्र त्यांची सर्वांत मोठी खेळी १८ धावांची आहे. जून १९७४, लॉर्ड्स. इंग्लंडविरुद्ध भारत दुसऱ्या डावात अवघ्या ४२ धावांत गारद झाला. चंद्रशेखर जखमी होते, बाकीचे भराभर जाऊन भराभर परत येत होते. १७ षटकांत खेळ खलास. त्या ४२ पैकी नाबाद १८ सोलकर यांच्या. दुसऱ्या कुणालाही दोन आकडी धावसंख्या गाठता आली नाही. सामना गेलेला होता, मालिका गेलेली होती, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रे काय छापणार हे सर्वांना कळून चुकले होते, आणि हा माणूस एका टोकाला बॅट सरळ धरून उभा होता. गिरगावकरांनी ब्रेबॉर्नच्या ज्या दुपारीविषयी लिहिले आहे, तिचीच ही दुसरी बाजू मला वाटते. मिळवायला काही उरले नसताना जागा न सोडणे.

गोलंदाजीचे एकच सांगतो. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेन्नईच्या चेपॉक मैदानावर, आखाड्यासारख्या खेळपट्टीवर, मुंबईच्या पद्माकर शिवलकर यांनी १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी घेतले. ते विसरता येणार नाहीत. पण तामिळनाडूच्या दुसऱ्या डावात दुसऱ्या टोकाने २३ धावांत ५ बळी सोलकर यांचे होते, हे आज कुणाला आठवते? मध्यमगती टाका म्हटले की मध्यमगती, फिरकी टाका म्हटले की फिरकी, नव्या चेंडूची चकाकी घालवायला कुणी हवा असला तरी सोलकर.

मी रोज लोकलने चर्चगेटला जातो. चर्नी रोड सुटल्यावर पश्चिमेच्या खिडकीतून जिमखान्यांची मैदाने दिसतात, एकामागून एक. पावसाळ्यात माळी गुडघाभर चिखलात उतरून खेळपट्टीवर ताडपत्री ओढताना दिसतात. ताडपत्रीवर साचलेले पाणी एका कडेला लोटतात, मग दोघे दोन टोके धरतात आणि मागे मागे सरकत ती उचलतात. गाडी थांबलेली असली की मी ते पाहत बसतो. सोलकर यांनी लहानपणी वडिलांबरोबर हे किती वेळा केले असेल, असे दर वेळी मनात येते. खेळपट्टी कशी वागणार हे ज्याने तिच्यावर पाणी मारून, रोलर फिरवून ओळखले आहे, त्याला चेंडू कुठून कसा उठणार याचा अंदाज बाकीच्यांपेक्षा लवकर येत असणार. हा माझा तर्क आहे, पण त्या खिडकीतून पाहताना तो खरा वाटतो.

---

पावसाळी खेळाडू

आपला तर्क मला पटतो. ओल्या खेळपट्टीचा वास घेऊन आमचे माळीबुवा सांगत की आज चेंडू थांबून येणार, आणि तसेच होई. त्या माणसाने आयुष्यात बॅट हातात धरली नव्हती.

---

माहीमकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तरे मी मुलाला मोठ्याने वाचून दाखवली. डॉक्टर, आपले म्हणणे सर्वांत आधी वाचले, आणि माझ्या गोष्टीतले ते पहिले वाक्य चुकीच्या जागी होते हे त्याच्यासमोर कबूल केले. सरांशीही बोललो. त्यांनी सांगितले की त्याला नको असेल तर तिथे उभे करणार नाही. हे ऐकल्यावर तो थोडा वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला, "आधी टेनिसच्या चेंडूने करून पाहतो."

गिरगावकर, त्याला नॉटच्या झेलापेक्षा ब्रेबॉर्नची ती दुपारच जास्त आवडली. त्याने दोनदा विचारले, "म्हणजे त्या दिवशी त्यांना एकही झेल मिळाला नाही, तरी ते तिथेच होते?" चर्चगेट लोकल, ४२ मधल्या १८ ही गोष्ट त्याने शाळेत मित्रांना सांगितली असे कळले.

काल संध्याकाळी पाऊस थांबल्यावर आम्ही इमारतीच्या आवारात उतरलो. शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा बॅट घेऊन उभा राहिला, मी हलके चेंडू टाकले आणि हा तीन हातांवर वाकून बसला. पहिल्याच षटकात दोनदा तोंड फिरवले, चार वेळा नाही. हे मी मोजले नव्हते. वर जिन्यात त्यानेच सांगितले.